गाळाच्या खडकांवरून जुने खंड जुळवणं : प्रकल्प नोंदी

4 जानेवारी

आजपासून नोंदी ठेवायच्या. काम काय आहे ते आधी एकदा नीट लिहून ठेवतो म्हणजे पुढे टीममध्ये कुणी नवीन आलं तरी त्याला लगेच कळेल. आपल्याला जुन्या खंडांचे दोन नकाशे करायचेत, एक 28 कोटी वर्षांपूर्वीचा म्हणजे पर्मियनच्या सुरुवातीचा, आणि दुसरा साधारण 50 कोटींचा, कॅम्ब्रियनचा. पहिला त्यातल्या त्यात सोपा, कारण नंतर फुटलेल्या तुकड्यांच्या मधला समुद्रतळ अजून जागेवर आहे, तळ बनत गेला तसे त्याच्यावर उमटलेले चुंबकीय पट्टे एकेक करून मिटवत मागे गेलं की आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांना येऊन भिडतात. 1965 साली बुलार्ड, एव्हरेट आणि स्मिथ यांनी कॉम्प्युटर वापरून अटलांटिकच्या दोन्ही कडा जुळवल्या, आणि त्यांनी पाण्याची किनाररेषा घेतलीच नाही, जवळपास 900 मीटर खोलीवरची कड घेतली, कारण खंड खरा तिथे संपतो. फार सुंदर बसली ती जुळणी.

50 कोटींच्या नकाशाला मात्र ही मदत मिळत नाही. आजच्या महासागरांचा बहुतेक सगळा तळ 20 कोटी वर्षांपेक्षा तरुण आहे, जुना तळ सरकून पृथ्वीच्या पोटात गेला. उरतो तो खंडांच्या पाठीवर साठून राहिलेला गाळ आणि त्यात अडकलेले जीव. म्हणून सगळा भर गाळाच्या खडकांवर.

9 जानेवारी

जीप्लेट्स, म्हणजे खंड मागे फिरवून बघायचं सॉफ्टवेअर, सगळ्यांच्या मशीनवर चालू झालं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि ज्याला खरंच शिकायचंय त्याने रोटेशन फाईल नोटपॅडमध्ये उघडून वाचावी, स्क्रीनवर माऊसने खंड फिरवत बसण्यापेक्षा लवकर कळतं. एका ओळीत सहा गोष्टी असतात: प्लेटचा नंबर, किती जुना काळ, ज्या बिंदूभोवती फिरवायचं त्याचे अक्षांश-रेखांश, किती अंश फिरवायचं, आणि कुठल्या प्लेटच्या संदर्भात. गोलावरची कुठलीही हालचाल एका अक्षाभोवती एकदा फिरवून मिळते हा ऑयलरचा 18व्या शतकातला सिद्धांत, सगळं सॉफ्टवेअर त्याच्यावर उभं आहे.

भारत 501, अंटार्क्टिका 802, आफ्रिका 701. भारत अंटार्क्टिकाला बांधलेला, अंटार्क्टिका आफ्रिकेला, आणि आफ्रिका पृथ्वीच्या अक्षाला, अशी साखळी. त्यामुळे आफ्रिकेची ओळ बदलली की सगळं गोंडवन, म्हणजे दक्षिणेकडचे हे खंड मिळून झालेला जुना मोठा खंड, हलतं. कुणीही 701 ला हात लावण्याआधी ग्रुपवर सांगायचं, हा नियम आजपासून.

17 जानेवारी

आज दिवसभर चुंबकत्व. गाळ बसताना त्यातले लोखंडाच्या ऑक्साईडचे बारीक कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि गाळाचा खडक झाला की ती दिशा तशीच राहते. विषुववृत्तावर क्षेत्र आडवं, ध्रुवावर उभं, मधे कुठेतरी कललेलं. त्या कलावरून अक्षांश काढायचं सूत्र एका ओळीचं: कलाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. कल 60 अंश असेल तर अक्षांश साधारण 41.

पण गाळाच्या खडकात एक अडचण असते आणि ती नीट समजून घ्यायलाच हवी, कारण पुढचा अर्धा डेटा लाल वाळूखडकांचाच आहे. वरून आणखी गाळ पडत जातो, खालचा दाबला जातो, पाणी निघून जातं आणि कण आडवे होतात, म्हणजे नोंदलेला कल खऱ्यापेक्षा कमी भरतो. किती कमी ते एका गुणकाने दाखवतात, लाल खडकांत तो 0.6 च्या आसपास बरेचदा मिळतो. आता हिशोब करून बघू. खरा कल 60, टॅन 1.73, गुणिले 0.6 म्हणजे 1.04, म्हणजे खडकात मोजला जाणारा कल 46 अंश. या 46 वरून अक्षांश काढला की येतो 27.5. खरा होता 41. फरक साडेतेरा अंशांचा, एका अंशाला 111 किलोमीटर धरले तर जवळजवळ 1500 किलोमीटर! अख्खा खंड एका हवामान पट्ट्यातून दुसऱ्यात जाऊन बसतो.

लाव्हाच्या खडकांना हा त्रास नाही कारण तिथे कण दाबले जात नाहीत. म्हणून ठरवलं की लाव्हावरचे अक्षांश वेगळ्या रंगात, गाळावरचे वेगळ्या, आणि गाळावरचे दुरुस्त केल्याशिवाय नकाशात जाणारच नाहीत.

18 जानेवारी

कालच्यात राहिलेलं, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. चुंबकत्व अक्षांश देतं, खंड किती वळलेला होता ते देतं, रेखांश देत नाही. दोन खंड एकाच अक्षांशावर आहेत एवढं कळलं तरी ते शेजारी होते की पृथ्वीच्या दोन टोकांना, हे त्यातून निघत नाही. शिवाय उत्तर-दक्षिण चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल होत असते, त्यामुळे फार जुन्या खडकात तो उत्तर गोलार्धातला की दक्षिण हेही कधी कधी दोन्ही बाजूंनी वाचता येतं. मला वाटतं आपल्या प्रकल्पाचा खरा प्रश्न हाच, शेजार शोधायचा कसा. पुढच्या सगळ्या नोंदी याच प्रश्नाच्या आहेत असं धरा.

6 फेब्रुवारी

पर्मियनचा बर्फ. ओडिशातल्या तालचिरजवळच्या गोट्यांच्या थराबद्दल 1856 सालीच ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी लिहून ठेवलं होतं की हे बर्फाचं काम आहे, आणि त्या काळी भारतासारख्या उष्ण भागात बर्फाच्या चादरी होत्या हे कुणाच्या पचनी पडणं किती अवघड असेल याचा विचार करा.

मॅडमनी आणलेला एक तुकडा आज टेबलावर होता, त्याच्यावर तासभर गेला. बारीक दाण्याचा हिरवट शेल, म्हणजे चिखलाचा झालेला खडक, एकावर एक पातळ थर, आणि मधेच एकटा मुठीएवढा ग्रॅनाईटचा गोटा. गोट्याच्या खालचे थर खोलगट दबलेले, वरचे थर त्याच्यावरून वळसा घालून गेलेले. वाहत्या पाण्याने एवढा गोटा आणला असता तर त्या जोराने बारीक चिखल इथे बसलाच नसता. म्हणजे शांत पाणी, वर तरंगणारा बर्फ, बर्फ वितळला आणि आत अडकलेला गोटा सरळ तळाच्या चिखलात पडला. गोट्याची एक बाजू घासून सपाट, त्यावर समांतर ओरखडे. एवढाच तुकडा, पण तेवढ्यात सगळी गोष्ट आली.

असेच थर दक्षिण आफ्रिकेत ड्वायका, ब्राझीलमध्ये इतरारे, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका. आता शेजाराचा पुरावा कुठे येतो तर ओरखड्यांच्या दिशेत. ब्राझीलच्या बाजूला बर्फ समुद्राच्या दिशेकडून जमिनीवर आलेला दिसतो, आजच्या नकाशात हे बसतच नाही, बर्फाची चादर खोल समुद्रातून वर चढून खंडावर जात नाही. आफ्रिका शेजारी आणून ठेवली की लगेच कळतं, बर्फ आफ्रिकेच्या उंच भागातून उतरत होता. एक लक्षात ठेवा, नुसता ओरखडा फक्त रेघ देतो, इकडून तिकडे की तिकडून इकडे ते सांगत नाही, त्यासाठी खडकाचे उंचवटे बघायचे, बर्फ ज्या बाजूने येतो ती बाजू गुळगुळीत आणि पलीकडची तुटलेली, खडबडीत.

8 फेब्रुवारी

ग्लॉसॉप्टेरिस, पर्मियनमधलं एक नामशेष झाड. जिभेसारखं पान, मधे ठसठशीत शीर, बाजूच्या शिरांची जाळी. बर्फाच्या थरांच्या वर कोळसा सुरू होतो आणि त्याच्याबरोबर हे पान सगळीकडे, भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया. अंटार्क्टिकाचा पुरावा ज्यांनी आणला त्यांच्याबद्दल वाचून मन भरून आलं. स्कॉट आणि त्याचे साथीदार फेब्रुवारी 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना बिअर्डमोर हिमनदीजवळ माउंट बकलीपाशी थांबले, तिथले खडक गोळा केले, आणि अंगात त्राण उरलेलं नसतानाही जवळपास 16 किलोचे ते नमुने शेवटपर्यंत ओढत नेले. ते गेले, नंतर शोधायला गेलेल्यांना तंबूपाशी ते खडक मिळाले, आणि 1914 मध्ये सिवर्डने त्यात ग्लॉसॉप्टेरिस ओळखलं. त्याच 1912 च्या जानेवारीत वेगेनर पहिल्यांदा जाहीरपणे खंड सरकतात असं मांडत होता.

डेटासाठी सूचना: ग्लॉसॉप्टेरिस हे पानाचं नाव आहे. त्याच झाडाच्या मुळाला व्हर्टेब्रारिया म्हणतात, खोडाला आणखी वेगळी नावं. डेटाबेसमध्ये ही वेगवेगळ्या वंशांसारखी (वंश म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) दिसतात, सरसकट मोजली तर एकच झाड तीनदा मोजलं जाईल आणि दोन जागांमधलं साम्य फुगेल. एकाच झाडाचे अवयव एकत्र धरायची यादी केली, फोल्डरमध्ये टाकली.

20 फेब्रुवारी

प्राण्यांचं काम पटकन उरकलं. मेसोसॉरस हा पाण्यातला सरपटणारा प्राणी ब्राझीलच्या इराती आणि दक्षिण आफ्रिकेच्या व्हाईटहिल थरांत, लहानसा, साधारण मीटरभराचा, उथळ खाऱ्या आतल्या पाण्यात राहणारा. त्याचं वजन मी जास्त धरतो, कारण तो नेमक्या दोन समोरासमोरच्या जागीच मिळतो, आणि तोही सारख्याच काळ्या शेलमध्ये. लिस्ट्रोसॉरस हा जमिनीवरचा प्राणी सगळ्या पाठ्यपुस्तकात असतो, दक्षिण आफ्रिकेत, आपल्या दामोदर खोऱ्यातल्या पंचेत थरांत, 1969 ला अंटार्क्टिकातही सापडला आणि तेव्हा त्याने पुष्कळांचं मत बदललं. पण तो चीन आणि रशियातही आहे. म्हणजे सगळी जमीन सलग होती एवढं तो सांगतो, कुणाच्या कडेला कोण होतं ते सांगत नाही. आपल्या कामात त्याला कमी गुण.

3 मार्च

जगभरच्या जीवाश्मांच्या नोंदी असलेल्या पॅलिओबायोलॉजी डेटाबेसवरून कॅम्ब्रियन आणि त्याच्या नंतरच्या ऑर्डोव्हिशियन काळाचे ट्रायलोबाइट (कवचवाले नामशेष समुद्री प्राणी) उतरवून घेतले, सफाई चालू आहे. मुख्य अडचण ही की काही भागांत दीडशे-दोनशे वर्षं लोक खडक फोडतायत आणि काही भागांत जेमतेम कुणी गेलंय. त्यामुळे साम्य मोजायचं कशाने यावर आज बरीच चर्चा झाली. समजा एका जागी 40 वंश माहीत आहेत, दुसऱ्या जागी फक्त 10, आणि त्यातले 8 सामाईक. जॅकार्ड पद्धतीत 8 भागिले एकूण वेगवेगळे 42, म्हणजे 0.19, वाटतं दोघांचा काही संबंधच नाही. सिम्पसन पद्धतीत 8 भागिले लहान यादीचे 10, म्हणजे 0.8. दुसरी जागा नीट शोधलेलीच नाही हे आपल्याला माहीत आहे, मग तिला त्याची शिक्षा का द्यायची, म्हणून सिम्पसन. फक्त लहान यादी पाच-सहाच वंशांची असेल तर ती जोडी सोडून द्यायची, नाहीतर एखाद्या वंशाने आकडा वरखाली उडतो.

12 मार्च

आजची नोंद मोठी आहे, पण मला स्वतःला या सगळ्या कामात सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच.

वायव्य स्कॉटलंडच्या कॅम्ब्रियन खडकात ओलेनेलस गटातले ट्रायलोबाइट मिळतात, जे उत्तर अमेरिकेत मिळतात. वेल्समध्ये पॅराडॉक्सिडीसचा गट. न्यूफाउंडलंड बेटावर तर पश्चिम भाग एका गटाचा आणि पूर्व भाग दुसऱ्या गटाचा. हे उथळ समुद्राच्या तळावर राहणारे प्राणी, खोल महासागर ओलांडणं त्यांना जमत नव्हतं. 1966 साली कॅनडाच्या ट्युझो विल्सन या भूशास्त्रज्ञाने सरळ विचारलं की अटलांटिक एकदा मिटून मग परत उघडला की काय? म्हणजे आजच्या अटलांटिकच्या आधी तिथेच एक जुना महासागर होता, ज्याला आता आयापेटस म्हणतात, तो मिटला, खंड चिकटले, आणि नंतर फाटताना बरोबर जुन्या शिवणीवर फाटले नाहीत, म्हणून थोडा तुकडा इकडे राहिला थोडा तिकडे. स्कॉटलंड आणि इंग्लंड तेव्हा वेगवेगळ्या खंडांवर.

आता यातली कमाल अशी की महासागर मिटत कसा गेला हेही जीवाश्मांच्या क्रमावरून वाचता येतं. कोण किती पाणी ओलांडू शकतो त्यावर सगळं. पाण्यात वर तरंगणारे ग्रॅप्टोलाइट (वसाहतीने राहणारे बारीक जीव) पहिल्यापासून दोन्हीकडे जवळपास सारखे, ते शेजाराबद्दल फार सांगत नाहीत पण वय सांगायला उत्तम. नंतर तळावर राहणारे पण ज्यांची पिल्लं काही दिवस तरंगतात ते ट्रायलोबाइट आणि शिंपल्यासारखे ब्रॅकिओपॉड दोन्ही किनाऱ्यांवर सारखे व्हायला लागतात, ऑर्डोव्हिशियनच्या ओघात. त्याच्याही नंतर तळावरचे ऑस्ट्राकॉड, म्हणजे कवचातले अगदी बारीक जीव, ज्यांची पिल्लं तरंगतच नाहीत, त्यांना सलग उथळ तळ लागतो. आणि सगळ्यात शेवटी गोड्या पाण्यातले मासे, साधारण 42-41 कोटींच्या सुमारास, म्हणजे आता मधे समुद्र उरलाच नाही, नद्या एक झाल्या. हा क्रम मॅककेरो आणि कॉक्स यांनी 1976 मध्ये मांडला. चुंबकत्वाला रेखांश दिसत नाही पण या जीवांना मधलं अंतर बरोबर जाणवत होतं, हेच मी जानेवारीत शोधत होतो.

कोडमध्ये हे असं आणलं: प्रत्येक वंशाला तरंगण्याची पायरी दिली आणि साम्य पायरीनुसार वेगळं मोजलं. सगळे एकत्र मोजले असते तर एकच आकडा आला असता, त्यातून काही कळलं नसतं.

25 मार्च

वाळू. वाळूखडकातले तिरपे थर ज्या दिशेला उतरतात तिकडे पाणी वाहत होतं, आणि एका भागातल्या भरपूर जागी मोजलं की जुन्या नदीची दिशा निघते. नदी जर आज जिथे समुद्र आहे तिकडून येत असेल तर तिकडे तेव्हा डोंगर होता, म्हणजे तिथे कुठला तरी खंड होता.

तो खंड कोणता हे झिरकॉन सांगतो. छोटासा दाणा, केसाच्या जाडीएवढा, पण अतिशय चिवट, डोंगर झिजला तरी हा टिकतो. बनताना तो युरेनियम आत घेतो आणि शिसं बाहेर ठेवतो, त्यामुळे आत जे शिसं सापडतं ते युरेनियमपासूनच झालेलं, आणि युरेनियमची दोन समस्थानिकं, एकाचं अर्धायुष्य 447 कोटी वर्षं आणि दुसऱ्याचं 70 कोटी, दोन्ही घड्याळं एकमेकांना तपासतात. एका नमुन्यातले शंभरेक दाणे मोजले की वयांचा आलेख मिळतो, कुठे शिखर 55 कोटींना, कुठे 100 कोटींना, आणि अशा वयाचे डोंगर कुठल्या खंडावर होते ते शोधायचं.

दोन पथ्यं. सगळ्यात तरुण दाण्यापेक्षा खडक जुना असू शकत नाही, पण कितीही तरुण असू शकतो. आणि दाणा एका वाळूखडकातून सुटून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात जातो, म्हणून झिरकॉनचा मूळ डोंगर शेजारीच होता असं नुसत्या वयावरून म्हणायचं नाही, प्रवाहाची दिशा सोबत हवीच. सरांनी या मुद्द्यावर फार जोर दिला आणि मला तो शंभर टक्के पटतो.

4 एप्रिल

मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाचं प्रकरण सगळ्यांनी वाचावं असं ग्रुपवर टाकलं. 2021 मध्ये तिथल्या एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया सापडल्याचं जाहीर झालं, हा 55 कोटी वर्षांच्या आसपासचा जीव, दक्षिण ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध. ते खरं असतं तर दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या: विंध्य खडकांचा तो वरचा भाग 55 कोटींचा ठरला असता, आणि भारत-ऑस्ट्रेलिया शेजाराला नवा पुरावा मिळाला असता. पण त्याच थरांतल्या झिरकॉन आणि चुंबकत्वावरून काही जण वय सुमारे 100 कोटी सांगत होते, दोन्ही एकदम खरं असणं शक्य नव्हतं. मग मीअर्ट या भूशास्त्रज्ञाच्या टीमने जागेवर जाऊन बघितलं तर तो आकार झडत चालला होता, आजूबाजूला मधमाश्यांच्या पोळ्यांचे अवशेष होते, 2023 मध्ये त्यांनी छापलं की ते आग्या मोहोळाचं जुनं पोळं आहे, आणि मूळ शोध मांडणाऱ्यांनीही ते मान्य केलं.

या सगळ्यात विज्ञान कसं चालावं तसं चाललं असं माझं ठाम मत आहे. आपल्या नकाशासाठी नियम एवढाच घेतला की एकाच जागच्या एकाच जीवाश्मावर खंडाची जागा ठरवायची नाही, किमान दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे हवेत.

15 एप्रिल

कोड बघणाऱ्या मित्राने विचारलं की याच पद्धतीने अगदी सुरुवातीचे खंड जुळवता येतील का. थोडं वाचलं. ऑस्ट्रेलियातलं पिलबरा आणि दक्षिण आफ्रिकेतलं कापवाल, दोन्हीकडे साडेतीन अब्ज वर्षांच्या आसपासचे गाळाचे आणि लाव्हाचे थर फार न बदलता राहिलेत, आणि दोघांचा क्रम इतका सारखा की काही जण त्यांना वालबारा नावाचा एकच खंड मानतात. दोन्हीकडे 347 कोटी वर्षांपूर्वीचा एक थर आहे, वाळूच्या दाण्याएवढ्या गोळ्यांचा, मोठी उल्का आदळून वितळलेला खडक थेंबांसारखा उडाला आणि थिजून खाली पडला त्याचा. थर एकाच घटनेचा असू शकतो, पण एवढ्या मोठ्या धडकेचे थेंब अख्ख्या पृथ्वीवर पडतात, म्हणून त्यातून वेळ जुळते, शेजार जुळत नाही. त्या काळात ट्रायलोबाइट नाहीत, पानं नाहीत, सूक्ष्मजीवांनी बनवलेले थराथरांचे खडक, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट आहेत आणि ते सगळीकडे सारखे. आपल्या नकाशात हे घ्यायचं नाही असं ठरवलं.

27 एप्रिल

28 कोटींचा नकाशा पूर्ण. बर्फ, कोळसा, मिठाचे थर, प्रवाळांची चुनखडी हे सगळं वर टाकून बघितलं, बर्फाचे थर दक्षिणेला एकत्र, मीठ कोरड्या पट्ट्यात, चुनखडी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना. यातलं काहीच आपण जुळणीसाठी वापरलं नव्हतं, फक्त बर्फाच्या ओरखड्यांची दिशा वापरली होती, तरी बसलं. मॅडम बराच वेळ स्क्रीनकडे बघत होत्या आणि मग म्हणाल्या, "आता 50 कोटींचं दाखव."

50 कोटींच्या नकाशात खंड ठळक रेघेने काढलेले नाहीत. अक्षांशाची अनिश्चितता उभ्या पट्ट्याने आणि रेखांशाची आडव्या पट्ट्याने दाखवली आहे, आडवा पट्टा जवळपास सगळीकडे जास्त रुंद. उत्तर अमेरिकेचा तुकडा विषुववृत्तावर, वेल्स आणि पूर्व न्यूफाउंडलंड दूर दक्षिणेला गोंडवनाच्या काठाशी, मधे आयापेटस, त्याची रुंदी एका आकड्यात लिहिलेली नाही.

राहिलेलं: लाल वाळूखडकांच्या उरलेल्या जागांचे अक्षांश दुरुस्त करणं, ऑस्ट्राकॉडचा डेटा ऑर्डोव्हिशियननंतरच्या सिलुरियन काळापर्यंत वाढवणं, आणि जिथे झिरकॉन आहेत पण प्रवाहाची दिशा मोजलेली नाही त्या जागांची वेगळी यादी. यादी मी घेतोय, ऑस्ट्राकॉड कुणी घ्यायचे ते ग्रुपवर ठरवा.